एका बिडीपुरतं सरळ

चतुर्थी जवळ आली की आमच्या मिठबावात ते आधी नाकाला कळतं, मग कॅलेंडरला. नारळी पौर्णिमा होऊन गेलेली असते, समुद्राचा राग निवलेला असतो, आणि पावसाळाभर माडाच्या झापांखाली पडून राहिलेल्या होड्या बाहेर काढून लोक त्यांच्या अंगाला माशाचं तेल चोळत असतात. हा वास ज्याला सोसत नाही त्याच्याशी माझं फारसं जमत नाही. हल्ली होड्या फायबरच्या झाल्या. त्यांना ना तेल लागतं, ना लाड. पण परवा फिरायला गेलो तर एकजण लाकडाची जुनी होडी पुढ्यात घेऊन बसला होता, हातात नारळाच्या काथ्याचा बोळा आणि शेजारी तेलाचं डबडं. मी तिथेच वाळूत बसकण मारली. गुडघे दुखतात म्हणून टेकलो, असं त्याला सांगितलं. गुडघे ठणठणीत होते.

त्या वासाबरोबर मला दर वर्षी तोच एक भाद्रपद आठवतो. साठ साल उजाडायला एखादं वर्ष बाकी असेल. मी घाटावरच्या एका शहरात विमानांच्या कारखान्यात होतो. कारखाना म्हणजे तेव्हा एक लांबलचक पत्र्याची शेड आणि तिच्या टोकाला आमची नकाशे काढायची खोली. गावात मात्र बातमी अशी की कोळ्याचा झील, म्हणजे मुलगा, विमानं बांधतो. मी बांधत काही नव्हतो. तीन वर्षं दुसऱ्यांच्या रेघा गिरवत होतो, आणि पेन्सिलीला टोक इतकं सुंदर काढत होतो की त्याबद्दल बक्षीस असतं तर मलाच मिळालं असतं. चौथ्या वर्षी पहिल्यांदा माझं स्वतःचं असं काम मिळालं, ट्रिमचं.

ही ट्रिम म्हणजे काय ते सांगतो. शिकाऊ वैमानिकांसाठी आम्ही एक छोटं दोन आसनी विमान करत होतो. विमानाचं नाक वरखाली करायला वैमानिकाच्या हातात एक दांडा असतो. वेग बदलला, टाकीतलं पेट्रोल सरलं किंवा मागच्या आसनावर जाडा मास्तर येऊन बसला, की विमानाचं नाक आपल्या मर्जीने कुठेतरी कलायला लागतं. मग ते जागेवर राहावं म्हणून दांडा सतत ओढून धरावा लागतो. पाच मिनिटं काही वाटत नाही. तासभर ओढून बघा, खांद्यापासून हात उतरतो. हातावरचा हा ओढा काढून टाकायची जी व्यवस्था, ती ट्रिम. ती नेमकी लागली की दोन्ही हात सोडले तरी विमान सरळ जातं.

माझ्या नकाशात वैमानिकाच्या गुडघ्याजवळ एक चाक होतं. चाकाला साखळी, साखळीला दोन तारा, तारा चौदा कप्प्यांवरून विमानाच्या पोटातून थेट शेपटीपर्यंत, तिथे एक स्क्रू, आणि तो स्क्रू शेपटीच्या आडव्या पात्याच्या कडेला बसवलेली एक छोटी पट्टी वर-खाली करणार. मी त्या कागदाच्या प्रेमात पडलो होतो. प्रत्येक कप्पी मी वेगळी काढली होती. तिच्या सावल्यासुद्धा.

आमचे मोठे साहेब मद्रासकडचे. बोलणं इंग्रजीत, आणि तेही मोजून. त्यांनी नकाशा दहा मिनिटं पाहिला. उन्हात तारा सैल पडतील म्हणाले, थंडीत घट्ट होतील, दर आठवड्याला कुणीतरी शेपटीत शिरून त्या ताणायच्या, आणि एका कप्पीवरून तार उतरली तर? मग कागदाची गुंडाळी करून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "यातलं निम्मं काढून आण." चतुर्थीच्या रजेवरून परत आल्यावर तीन दिवसांनी ते पुन्हा बघणार होते. नाही जमलं तर हे काम दुसऱ्याकडे, आणि मी परत रेघा गिरवायला.

निम्मं काढून आण म्हणे! पोराला निम्मं कापून आण, असं बापाला कुणी सांगतं का? मी रागाने फणफणत एष्टीत बसलो आणि सगळा घाट साहेबांच्या नावाने खडे फोडत उतरलो. शेवटचे दोन कोस चालत. डोक्यावर ट्रंक, काखेत नकाशाची पत्र्याची नळी. दोन्हीकडे पोटरीला आलेलं भात वाऱ्यावर हलत होतं, आणि मी त्याच्याकडे ढुंकून बघितलं नाही. आयुष्यात ज्या मूर्खपणाची मला खंत आहे त्यात हे चालणं वर आहे.

आयेने नळी हातात घेऊन उलटसुलट केली आणि हे काय म्हणून विचारलं. विमान आहे, मी म्हटलं. भाद्रपदात आमच्याकडे हवेत एवढी ओल असते की आगपेटीची काडी ओढली तर गुलच गळून पडतो. संध्याकाळी नळी दिसेना म्हणून शोधाशोध केली तर आये शांतपणे म्हणाली, "तुझा विमान तांदळाच्या कणगीत ठेवलंय. मऊ जावचा नाय." नकाशा उकड्या तांदळात मानेपर्यंत पुरलेला होता. रोज सकाळी मी तो काढायचो, बघायचो, चिडायचो आणि परत पुरायचो.

पाच दिवसांचा आमचा गणपती. गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या माटवीला काकडी, चिबूड, सुपारीचा घोस, हरणाची पिवळी फुलं, सगळं मीच बांधलं. आरतीत टाळ वाजवले, पण तोंडात आरती आणि डोक्यात कप्प्या. आये एकदा म्हणालीही, की देवासमोर उभं राहून हा छपराकडे काय बघतो. माझे बाबा गावातले जुने तांडेल. आमच्या शिडाच्या होडीवर चाळीस वर्षं त्यांनी सुकाणू धरलेलं. ते बोलायचे इतकं थोडं, की त्यांच्या तोंडून शब्द आला की माणसं हातातलं काम थांबवायची.

गणपती गेले, आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. साहेबांना काय कळतंय, आपण करूनच दाखवू. विमान नसलं तर होडी आहे. तिलाही शेपटी आहेच की. शीड भरलं की होडी सारखी वाऱ्याकडे तोंड वळवायला बघते, तिला सरळ ठेवायचं तर सुकाणूचा दांडा ओढून धरावा लागतो. दुखणं तेच. मग औषधही तेच. मी विहिरीच्या जुन्या दोन कप्प्या घेतल्या, आयेच्या मोडक्या शिवणयंत्राचं हातचाक घेतलं, बाजारातून तार आणली, आणि सुकाणूच्या पात्याच्या मागच्या कडेला वीतभर रुंद फळी बिजागरीने बसवली. चाक फिरवलं की तार ओढली जाणार, फळी वळणार, आणि पाण्याच्या जोरानेच सुकाणू हवं तिथे राहणार. तीन दिवस ठोकाठोक चालली होती. आमचा खलाशी सखाराम रोज येऊन बघायचा आणि हे कपडे शिवणार की मासे मारणार, असं विचारून जायचा.

हे सगळं बसवताना दांड्याजवळ एक काथ्याची दोरी मध्ये येत होती. काठावरच्या खुंटीला दोन वेढे घातलेली, बोटभर जाडीची, जुनी, तेलाने काळी पडलेली. मी लहानपणापासून ती तिथे पाहत आलो होतो. दारामागचा खराटा आपण रोज पाहतो, तशी. ती मी सोडली आणि होडीच्या तळात फेकून दिली. बाबांनी ते पाहिलं. "बांध तुझा," एवढंच म्हणाले. "बघूया काय करता तां." आयेने होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, कुंकू लावताना दोन्ही कप्प्यांनाही लावलं, आणि शिवणयंत्राच्या चाकालासुद्धा, कारण तेही आता समुद्रावर निघालं होतं.

बाबा, सखाराम आणि मी होडी पाण्यात लोटली. खाडीत सगळं साजूक तुपासारखं झालं. मी चाक दोन फेरे फिरवलं आणि दांडा बाबांच्या हातात हलका झाला. त्यांनी भुवया वर केल्या. एवढ्यावर माझं पोट भरलं. पाणी हिरवं, वर धुतलेलं आभाळ, मिठबावची वाळू मागे मागे जातेय, आणि आपण बरोबर होतो! साहेबांना पत्र कसं लिहायचं याची वाक्यंसुद्धा मी जुळवायला घेतली.

खाडीचं तोंड ओलांडून सखाराम जाळं सोडायला लागला, आणि लाट उभी यायला लागली. होडी उचलली जाई, आदळे. तिसऱ्या-चौथ्या आदळीला तार सैल पडली, कप्पीवरून उतरली आणि मागची फळी मोकळी झाली. आता ती कुणाचीच नव्हती. पाण्यात ती फडफडायला लागली, आणि तिच्याबरोबर सुकाणू, सुकाणूबरोबर दांडा, दांड्याबरोबर होडीचा सगळा मागचा भाग थरथरायला लागला. ती थरथर माझ्या तळपायातून दातांपर्यंत आली. होडी गर्रकन वाऱ्याकडे वळली, शीड आपटायला लागलं, सखारामच्या टोपल्या पाण्यात गेल्या, अर्धं सोडलेलं जाळं तळाखाली ओढलं जाऊ लागलं. बाबांनी एका पायाने दांडा दाबून धरला, कोयती घेतली आणि तार तोडली. मग वाकून फळी बिजागरीसकट उपटून समुद्रात टाकली. आरडाओरडा नाही, शिवी नाही.

मी मात्र गारठलो होतो. टोपल्यांसाठी नव्हे. ही थरथर मी पुस्तकात वाचली होती. विमानाच्या शेपटीवरची मोकळी पट्टी अशी फडफडायला लागली तर क्षणात शेपटी तुटते. होडीत होतो म्हणून टोपल्यांवर निभावलं. वर कुणीतरी वीस वर्षांचं पोर असेल, त्याचं पहिलं-दुसरं उड्डाण असेल, आणि त्याच्या पाठीमागे माझ्या सुंदर सावल्यांच्या चौदा कप्प्या असतील. त्यातल्या एकीवरून तार उतरली की संपलं. साहेब मोजक्या शब्दांत हेच सांगत होते, आणि मी त्यांच्यावर रागावून भाताकडेसुद्धा बघितलं नव्हतं.

बाबांनी तळातून ती काळी दोरी उचलली. एक टोक दांड्याला, दुसरं वाऱ्याच्या अंगाच्या काठावरच्या खुंटीला, दोन वेढे. गाठ नाही. दोरी जरा ताणली, दांडा हाताने एकदा इकडे, एकदा तिकडे करून बघितला, आणखी बोटभर ओढली. मग दांडा सोडून दिला आणि दोन्ही हातांच्या ओंजळीत काडी पेटवून बिडी शिलगावली. होडीचं नाक लांबच्या टेकडीवर होतं ते तिथेच राहिलं. बिडी अर्धी झाली, नाक तिथेच. सखाराम मला हळूच म्हणाला की तांडेलांचं हे रोजचं आहे. दोरी बांधायची, हात सोडायचे, बिडी संपेपर्यंत होडी सरळ गेली तर दोरी बरोबर लागली. नाहीतर बिडी विझवून कानामागे ठेवायची आणि परत ओढायची. चोवीस वर्षं मी या माणसाचा मुलगा होतो, या होडीत लहानाचा मोठा झालो, आणि बाबांची बिडी मला फक्त वासाने माहीत होती!

बिडीचं थोटूक पाण्यात टाकून बाबांनी मला विचारलं, "दुखता काय?"

"हात," मी म्हटलं.

"मगे दोरी हाताकडे बांधूची. थंय शेपटेक कित्याक जातंस?"

त्यांनी मला टोमणा मारला नव्हता, त्यांना खरंच कळत नव्हतं. दुखणं हातात असताना हा शहाणा होडीच्या पार मागे लोंबकळून फळ्या का ठोकत होता, एवढंच त्यांना हवं होतं. मी ती दोरी हातात घेऊन चाचपली. काथ्या असल्यामुळे ती ताणली की थोडी देत होती. दांड्याला जोरात ढकललं तर खुंटीवरचे वेढे घसरत होते, म्हणजे वेळेला माणसाचा हात तिच्यावर भारी. मी गाठ का नाही असं विचारलं तर बाबांनी तुटक्या तारेचं टोक माझ्यापुढे धरलं. गाठ असती तर मघाशी तारेला लागली तशी वेळेला हिलाही कोयती लागली असती, हे माझं मलाच उमगलं.

घरी आलो, अंगावरचं मीठही न धुता कणगीत हात घातला आणि नकाशा काढला. पडवीत पाटावर पसरला, चार कोपऱ्यांवर चार नारळ ठेवले. मग खोडायला लागलो. पहिली कप्पी खोडताना जिवावर आलं, खोटं कशाला बोलू? एकेका कप्पीला मी दोन-दोन तास दिले होते. चौथीनंतर हात चालायला लागला. दहावीनंतर मजा यायला लागली. साखळी गेली, तारा गेल्या, स्क्रू गेला, आणि शेवटी शेपटीवरची पट्टीच गेली. शेपटी पुन्हा कोरी झाली. आये दळण सोडून बघायला आली आणि तुझ्या साहेबाने सगळंच खोडायला सांगितलं होतं का म्हणाली. निम्मंच, मी म्हटलं. तिने कपाळाला हात लावला.

उरलं ते एवढंच. वैमानिकाच्या दांड्याच्या बुडाशी एक स्प्रिंग, म्हणजे बाबांचा काथ्या. स्प्रिंगचं दुसरं टोक एका छोट्या मुठीला. ती मूठ दोन चकत्यांमध्ये दाबून बसवलेली, सरकवली तर सरकावी, सोडली तर तिथेच राहावी, म्हणजे खुंटीवरचे दोन वेढे. मूठ पुढे-मागे केली की स्प्रिंगचा ताण बदलतो आणि दांडा हवा तिथे आपोआप उभा राहतो. मागे काहीही जात नाही. स्प्रिंग तुटलीच तर फार तर हात दुखेल, शेपटी शाबूत. पुढे मला कळलं की जगात इतरांनीही असं केलेलं होतं. कळल्यावर वाईट वाटायला हवं होतं, पण उलट बरं वाटलं. चुकलो नव्हतो, याची ती खूणच झाली.

त्या दुपारी पडवीत पावसाची एक सर येऊन गेली आणि पाठोपाठ ऊन आलं. होडीच्या तेलाचा वास, ओल्या झापांचा वास, आयेच्या चुलीवरच्या आमटीतल्या तिरफळांचा वास. परत जाताना मी तेच दोन कोस चाललो. पोटरीतलं भात आता फुलावर आलं होतं. या वेळी बघत बघत गेलो, त्यामुळे एष्टी चुकली.

साहेबांच्या टेबलावर नकाशा उलगडला तेव्हा त्यातून सहा-सात उकडे तांदूळ घरंगळले. त्यांनी आधी तांदूळ पाहिले, मग कागद. मी निम्म्यापेक्षा जरा जास्त काढलंय, असं चाचरत सांगितलं. एक दाणा उचलून त्यांनी दातांखाली धरला आणि हे कुणी सुचवलं म्हणून विचारलं. माझ्या वडिलांनी, मी म्हटलं, ते तांडेल आहेत. साहेबांनी मान डोलावली आणि मला म्हणाले, "याचा नमुना तू स्वतः उभा राहून करून घे."

नमुना उभा राहायला माघ उजाडला. स्प्रिंगा आम्ही पाच वेळा बदलल्या. एक फार ताठ, एक फार मऊ, एक कुरकुरणारी. चकत्यांच्या मधलं चामडं तेलाने घसरायला लागलं म्हणून तेही बदललं. पण यातलं प्रत्येक दुखणं हाताच्या अंतरावर होतं, शेपटीत कुणाला शिरावं लागलं नाही. उड्डाणाच्या दिवशी मी शेडच्या सावलीत उभा होतो. आमचा चाचणीचा वैमानिक पंजाबी, हसरा, मिशाळ. त्याला मी बिडीची गोष्ट सांगितली होती. वर बिडी ओढायला बंदी आहे, पण काहीतरी करतो, असं म्हणून तो गेला. विमान टिपक्याएवढं झालं. ते उतरलं तेव्हा मी सावलीतच उभा राहिलो. तोच चालत आला आणि खिशातून एक कार्ड काढून माझ्या हातात ठेवलं.

वर असताना दांडा सोडून, कार्ड मांडीवर एका हाताने धरून, दुसऱ्या हाताने त्याने पेन्सिलीने इंग्रजीत चार ओळी लिहिल्या होत्या. ट्रिम ठीक, ओढा नाही, दोन्ही हात मोकळे, असं काहीसं. शेवटी सही.

पुढच्या चतुर्थीला ते कार्ड घेऊन मी घरी आलो. ट्रंक पडवीत टाकून तसाच किनाऱ्यावर गेलो. बाबा होडीला तेल लावत होते. मी कार्ड पुढे केलं आणि सांगितलं की हे आभाळात लिहिलंय, दोन्ही हात सोडून. बाबांना मराठी अक्षर जेमतेम लागायचं, इंग्रजीचं तर नावच नको. वाचून दाखवू का विचारलं तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. कार्ड डोळ्यांपाशी नेलं. मग पहिल्या ओळीखालून, डावीकडून उजवीकडे, हळूहळू बोट फिरवलं. तशीच दुसरी ओळ, मग तिसरी, मग चौथी. सहीपाशी थांबले.

"अक्षर हलूक नाय," ते म्हणाले. खरंच, एकही अक्षर हललं नव्हतं.

मग तेलाचा बोळा खाली ठेवून त्यांनी बिडी काढली, आणि आयुष्यात पहिल्यांदा एक माझ्यापुढे धरली. मी बिडी ओढत नाही हे त्यांना ठाऊक होतं. मी घेतली. आम्ही दोघं होडीला टेकून, पाण्याकडे तोंड करून, ती संपेपर्यंत बसलो. मला ठसका लागला तेव्हा ते हसले.

ते कार्ड माझ्यापाशी अजून आहे. पेन्सिल आता इतकी पुसट झाली आहे की शब्द लागत नाहीत. पण प्रत्येक ओळीखाली बाबांच्या बोटाचं तेल मुरलेलं आहे, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, चार पिवळट रेघा. परवा घरी आल्यावर मी त्या पट्टी लावून बघितल्या. सरळ आहेत.